मणी (?)

अशोक चौकातून सात पस्तीसला निघालेली बस
सीना भीमेला मिळते तिथं थांबली.
गाईड मळसिद्ध पुजारी, गळ्यात शिट्टी,
म्हणाला, वर बघा, तुळईवर कोरलंय :
वाचील तो विजयी होईल.
सगळ्यांनी फोटो काढले.
वाचलं कुणी नाही.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या, एक ट्यूबलाइट,
तीही विचार करून पेटणारी.
खापरं. बांगड्यांचे तुकडे. पाय नसलेला घोडा.
आणि काचेखाली भाजक्या मातीच्या अठरा चकत्या,
मधोमध भोक.
चिठ्ठीवर : मणी (?)

नरसव्वा येमूलनं चष्मा कपाळावर सारला.
"मणी कशाचं हो? कदुरु हाय की हे.
चातीला खाली लावायचं, वजनाला.
माझ्या सासूचं लाकडाचं होतं."
आणि हवेतच
अंगठा नि दोन बोटं अशी फिरवली
की तो नसलेला धागा
मी तरी मान वाकवून चुकवला.

पुजारीनं पेन काढलं.
काच बघितली, कुलूप बघितलं,
मग डाव्या तळहातावरच लिहून घेतलं.
"क-दु-रु. र पहिला की दुसरा?"
"मला काय ठावं," नरसव्वा म्हणाली,
"मी फक्त कातत होते."

परतीला मंद्रूपला चहा.
कुणाची तरी चप्पल राहिली म्हणून वीस मिनिटं भांडण.
भज्याचे तेलकट हात घेऊन
सगळे नळावर गेलो.
पुजारीनं उजवाच धुतला.