चव रजिस्टर

नागझिऱ्याच्या गेटबाहेर, जिथं डांबर संपून मुरूम लागतो,
तिथं एक हॉटेल झालं आहे. नाव इंग्रजीत,
खाली वाघाचा पंजा.
त्या दिवशी आम्हाला तेवढाच दिसला.

पोरांची सहल नव्हती, मास्तरांची होती.
कापगते सर म्हणाले, शेवंताबाई, तुम्ही पण चला,
रोज वाढता, एक दिवस बसून खा.
माणशी नऊशे वर्गणी. माझी त्यांनी भरली,
आणि हे जिप्सीत दोनदा सांगितलं.

दोन रानगवे, एक मोर, बाकी धूळ.
जंगलात नव्हते एवढे कावळे
दीड वाजता पोटात ओरडत होते.

मेन्यूकार्ड लाकडाचं, पोळपाटासारखं जड.
लंजे मॅडमनी वाचून दाखवलं:
दाल जंगल तडका, तीनशे ऐंशी.
व्हिलेज थाळी, सहाशे पन्नास.
कुठलं व्हिलेज, मी विचारलं.
कुणी हसलं नाही.

पाऊण तासानं थाळी आली. पितळेची, खोलगट, लख्ख,
आणि तळाशी जेवण,
मे महिन्यात विहिरीला पाणी असतं तसं.

मी दोनशे बारा पोरांची डाळ शिजवते.
दाणे किती, पाणी किती, हे मला
पळी फिरली की आवाजावरून कळतं.
ही डाळ कालची. फोडणी देऊन तिला
उठवून बसवलं होतं, दवाखान्यातल्या म्हाताऱ्याला
पाहुणे आले की बसवतात तसं.
वांगं गोड. गोड!
भात लांब, ताठ, बिनवासाचा.
बाहेर चहूकडे चिन्नोरच्या बांध्या,
वारा फिरला की खिडकीतून वास आत येतो,
आणि ताटात हा परमुलखातला,
बोली न कळणाऱ्या पाहुण्यासारखा गप्प.

वाढायला पोरगा आला. गळ्यात टाय,
छातीवर पट्टी: रॉकी.
"एनीथिंग एल्स, मॅम?" म्हणाला, आणि थांबला.
"बाई... तुमी?"
होमराज.
गंजाच्या बुडाची खरवड मागणारा,
ताट दोन्ही हातांनी धरणारा.
"तू काऊन इथं?"
"तं कुठं जाऊ, बाई?"
मग मॅनेजरकडे बघितलं, आणि परत रॉकी झाला.

हात धुवायला मागे गेले. तिथं
तीन दगडांच्या चुलीवर स्टाफचं रांधणं चाललं होतं:
लाखोळीची डाळ, अंबाडी घालून.
मी नळ बंद करायची विसरले.
"हे काऊन नाई देत समोर?"
"याले भाव लावता येत नाई म्हणतात, बाई."

बिल चामड्याच्या पुस्तकात आलं, पोथीसारखं.
पाणी वेगळं. सेवा वेगळी.
निसर्ग अनुभव, माणशी ऐंशी.
कापगते सरांनी तीनदा बेरीज केली, गणिताचे आहेत.
बेरीज बरोबर होती.

निघताना होमराजनं एक कागद पुढे केला,
सगळ्यांना सोडून माझ्यापुढे.
पाच पोकळ चांदण्या. खाली रेघ: जेवण कसं होतं?
"कमी आल्या तं पगारातून कापतात."

शाळेत माझ्या चुलीजवळ एक रजिस्टर लटकतं.
पोरांआधी मास्तरांनी चव घ्यायची, लिहायचं, असा नियम.
अकरा वर्षं झाली. रोज एकच शब्द,
कधी कापगते सरांच्या अक्षरात, कधी लंजे मॅडमच्या,
डाळ बुडाला लागली त्या दिवशीही,
तेल आलंच नाही त्या आठवड्यातही:
उत्तम.
मला वाटायचं, चमचा न बुडवता लिहितात.

पेन घेतलं. पाचही चांदण्या गच्च भरल्या.
रेघेवर लिहिलं, मोठ्या अक्षरात,
उत्तम.
मागे कापगते सर उभे होते. बघितलं त्यांनी.
चष्मा पुसत गाडीकडे गेले.

गाडी सुरू झाल्यावर होमराजनं खिडकीतून
पळसाच्या पानांचं एक पुडकं माझ्या मांडीवर टाकलं, गरम.
साकोली येईपर्यंत मी ते उघडलं नाही.
गाडीभर वास होता.
कुणी काही बोलत नव्हतं.