सत्तावीस

नाव विचारत नाही हे यंत्र.
गाव, घराणं, कुणाचा कोण, काहीच नाही.
माप सांग म्हणतं, आणि रांगेत ये.

सोहारमध्ये रात्री दीडला
मोतालिब टँकर लावतो मागच्या दाराशी.
फलजकडच्या कुठल्याशा कॅम्पाचं सांडपाणी,
सहाशे माणसांचं,
त्यातलं लिटरभर माझ्या बाटलीत.
"जेवलात का, ताई?"
नाकावरचा गमछा न काढता विचारतो.

गाळायचं. पुन्हा गाळायचं.
मग केसाहून बारीक सुईतून
विजेच्या धाकानं फवारा.
पाणी उडून जातं,
उरतं ते कोरडं, अंगावर एकेक भार घेऊन तरंगणारं.
ओढलं की लहानगं चटकन सरकतं,
थोराड रेंगाळतं.
एवढीच ओळख.

तरी दिसत नाहीच.
म्हणून ब्युटानॉलची वाफ, शिळ्या केळ्याच्या वासाची.
बाटल्यांचा हिशेब खल्फान वहीत ठेवतो,
अल्कोहोलच ना शेवटी.
त्या वाफेत कणाकणावर थेंब धरतो, फुगतो,
उजेडासमोरून जाताना एकदाच चमकतो.
एक.
एक.
एक.

मलाही असंच मोजलं होतं आले तेव्हा:
उंची, वजन, छातीची फिल्म.
परकार हे आडनाव कारकुनानं तीनदा वेगळं लिहिलं.
उंची मात्र पहिल्याच खेपेला बरोबर.

आज पडद्यावर सत्तावीस नॅनोमीटरला
सुईसारखं टोक.
काल नव्हतं.
नुसतं पाणी घालून पाहिलं: शून्य.
पुन्हा नमुना: तीनशे बारा. पुन्हा: तीनशे नऊ.
"धूळ असेल," खल्फान जांभई देत म्हणाला.
धूळ सगळ्या मापांची असते, खल्फान.
इतकी एकसारखी फक्त पिलं असतात.

या मापाची बिरादरी मोठी आहे,
बरीचशी गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी.
आणि त्यातच ते एक,
ज्यानं दापोलीत जुबेदाखालाचा डावा पाय नेला.
खाला माडीवर यायची तेव्हा
जिन्याला आधी कळायचं.

कोण ते यंत्र सांगणार नाही.
त्यासाठी सकाळी मस्कतला बाटली, बर्फात,
आणि दोन दिवस.

बाहेर आले.
ऑगस्ट. चष्म्यावर एका श्वासात धुकं,
मोतालिब नुसता आकार झाला,
उंच, डाव्या बाजूला जरा झुकलेला.
"कुठल्या कॅम्पाचं होतं रे हे?"
"आमच्याच," तो म्हणाला. "का?"

चष्मा पुसायला
ओढणीचं टोक सापडेना.