पांजण

आमच्या बोळात ताणा उभा होता तीन दिवस.
एक टोक इरय्या गज्जमच्या खुंटीला,
दुसरं दस्तगीर मोमीनच्या दाराशी.
मध्ये अफवा, हैदराबादेकडून आलेली,
दर घरी वेगळे कपडे घालून.

सूत कोरडं पडलं.
पांजणीला आठ हात लागतात
आणि हात घरात, कड्या आतून.

गड्ड्याचा पाळणा त्या वर्षी
अर्धा रिकामाच फिरला.

हॉटेलातला रेडिओ म्हणाला,
दिल्लीत म्हातारा जेवत नाही.
कशासाठी, ते लच्चव्वाला नीट कळलं नाही,
तिला मराठी बेताचंच.
एवढं कळलं : जेवत नाही.
तिनं ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली,
तेलुगूत पुटपुटली,
"तो घेत नाही तर नाही, सुताला तरी पाजा."

आधी दस्तगीरचं दार करकरलं.
कुंचा हातात, मान खाली.
इरय्यानं दुसरा कुंचा उचलला.
मग आणखी दोन दारं.
एकमेकांकडे न बघता चालत राहिले
ताण्याच्या दोन्ही अंगांनी
एका पावलानं,
पाऊल चुकलं की धागा तुटतो म्हणून.

सहाव्या दिवशी रेडिओ म्हणाला, रस घेतला.
लुगडं तेव्हा हातभर झालं होतं.

बारा दिवसांनी पुन्हा रेडिओ.
धोटा अर्ध्यातच थांबला.
त्या रात्री बोळात
कुणीच कडी लावली नाही.

भांडले मात्र दोघं मरेपर्यंत,
मी स्वतः ऐकलंय :
कुंच्याचे सव्वा रुपये
कुणी द्यायचे होते.