दुभाषी

किनारा दिसेनासा होईपर्यंत बाबा बोटीवर पाठमोरे बसतात.
मारी-गालांत सोडताना त्यांना कुणी बघितलेलं चालत नाही.

डॉक्टर ल गॉफ तरुण. ब्रिटनीहून आलेला, नाक उन्हानं सोललेलं.
त्यानं पडद्यावर बाबांचा सांगाडा उभा केला.
मणक्यात, बरगड्यांत, डाव्या खुब्यात काळे ठिपके,
उसाच्या पेरांवर कुणी शाई झटकावी तसे.

तो फ्रेंचमध्ये बोलला की मी क्रेओलमध्ये सांगायचं.
बाबांना फ्रेंच येतं.
दवाखान्यात येत नाही.

प्रोस्टेटमधून हाडांत उतरलंय. बरं होणार नाही,
आवरून धरता येईल.
हे मी नीट सांगितलं. आवरून धरणं बाबांना कळतं,
एक्क्याऐंशी वर्षं दुसरं काय केलंय त्या हातांनी.

मग पर्याय.
दर तीन महिन्यांनी सुई. जोडीला रोजच्या गोळ्या,
हृदय काय म्हणतं ते बघत बघत.
केमो सहा वेळा, पण या वयात तो आग्रह धरणार नाही.
खुब्याला किरण, ते फक्त ठणका कमी व्हायला.
नाहीतर एक छोटं ऑपरेशन.
त्यानं त्याचं नाव घेतलं.

मी म्हटलं, "बाबा, लहानसं काहीतरी काढतात."

बाबा हसले.
तो एक शब्द त्यांना फ्रेंचमध्येच ठाऊक होता,
विशीपासून, गुरांच्या डॉक्टरच्या तोंडून.
ऊसगाडीला जुंपलेला प्रत्येक खोंड त्यांनीच बडवलेला.
चिमटा अजून पडवीत खिळ्याला आहे, तेल लावलेला.

"सांग त्याला," ते म्हणाले,
"पहिला दिवस खात नाही. दुसऱ्या दिवशी पाणी पितो.
मग जू घेतो. अंगानं भरतो, आवाज उतरतो.
गाईकडे बघतो,
पण नाव विसरलेल्या माणसासारखा."

मी फ्रेंचमध्ये म्हटलं, बाबा दुष्परिणाम विचारतायत.

ल गॉफनं बोटांवर मोजले:
घाम, गरम झळा, थकवा, वजन, हाडं ठिसूळ, इच्छा मावळणं.
"तेच तर मी म्हणालो," बाबा म्हणाले. फ्रेंचमध्ये.

ऑपरेशन एकदाच. बोटीचे फेरे वाचतात.
"मी एकाही जनावराला हप्त्याहप्त्यानं बडवलं नाही."
मला वाटलं, ठरलं.
पण ते गुडघ्यावर टोपी फिरवत राहिले,
तिची गवताची कड उसवेपर्यंत.

"विचार, सुई थांबवली तर?"

थोडंफार परत येतं. कधीकधी. या वयात सांगता येत नाही.

"मग सुई."

आई जाऊन अकरा वर्षं झाली.
कुणासाठी राखून ठेवायचं, हे मी विचारलं नाही.
मुलीनं विचारायचं ते नव्हतं,
दुभाष्यानं तर नाहीच.

दुसऱ्या सुईनंतरची गोष्ट. रात्री दोनला दार वाजलं.
बाबा अंगणात उघडे, घामानं निथळत,
शेवटच्या बैलाला टेकून. पासियांस त्याचं नाव.
जन्मभर त्यांनी बैलांना क्रेओलमध्ये हाकललं,
अरे-तुरे, शिव्या, मध्येच एखादं लाडाचं नाव.

त्या रात्री ते फ्रेंच बोलत होते,
नगरपालिकेतल्या साहेबाशी बोलावं तसं, जपून.

"माफ करा," ते म्हणत होते,
"तुम्हालाही असंच झालं होतं का हो?"