दोन बोटं

माझी बस सकाळी सहा पन्नासला निघते.
पिवळी, अठ्ठेचाळीस आसनांची,
हीटर फक्त पुढच्या तीन रांगांपुरता.
मका कापून नेलेली शेतं, चर्च, टायरचं दुकान,
आणि मग ईरी सरोवराच्या कडेने
तो लांबलचक कुंपणाचा रस्ता,
जिथे आलं की बस उजवीकडे कलते.

खरंच कलते. स्टिअरिंगला कळतं.
डावीकडची सगळी पोरं उठून
उजव्या खिडक्यांना चिकटतात.
मी ओरडते, बसा रे, बसा खाली,
आणि कोणी बसत नाही.
मान तर मीही वळवतेच.

नोव्हेंबरात तिथे नुसते काँक्रीटचे ठोकळे होते,
ओळीने. थॅडियस म्हणाला, दफनभूमी आहे.
मग ट्रकवरून निळे रूळ आले,
कुणी रागाच्या भरात पिळून फेकल्यासारखे वाकडे.
जानेवारीत सरोवर गोठलं, क्रेनच्या मानेवर बर्फ साचला,
तरी रोज एखादा तुकडा वाढलेला असायचाच.
मार्सेला गणिताच्या वहीत, शेवटच्या पानापासून,
हिशेब ठेवते: आज एकशे बारा.

नाव कोणालाच माहीत नाही. फलकावर ताडपत्री.
वाऱ्याने तिचा कोपरा उचलला
की एक अक्षर दिसल्यासारखं होतं.
ओडेल शपथेवर सांगतो, 'के' आहे.
त्याची बहीण म्हणते, 'आर'.
यावरून एकदा दप्तरं फेकली गेली,
कुणाचं तरी सफरचंद माझ्या ब्रेकखाली आलं.

माझ्या अगदी मागे एमेट बसतो.
दाराशेजारच्या खांबावर मी खडूने रेघ मारून दिलीय,
अठ्ठेचाळीस इंचांवर.
दर सोमवारी तो तिला पाठ लावून उभा राहतो,
टाचा चोरून उचलतो, मी बुटाने हलकेच खाली दाबते.
दोन बोटं कमी. माझी बोटं, आणि ती जाड आहेत.
"मेपर्यंत होईल ना?"
दूध पी, म्हणते मी. दुसरं काय सांगणार.

मी स्वतः त्यात कधी बसणार नाही.
छातीत काडेपेटीएवढं यंत्र आहे,
आणि अशांना मनाई असते, तशी पाटीच लावतात.
या जागेवर पूर्वी स्पार्क प्लगचा कारखाना होता.
माझे वडील तिथे, मोठा भाऊ तिथे.
तो पाडत होते, त्या महिन्यातही मी हीच बस चालवत होते.
तेव्हा कोणी जागचं उठलं नव्हतं.

एप्रिलची नऊ तारीख. पातळ धुकं.
आणि चढावर गाडी!
माणसांऐवजी पाणी भरलेले पुतळे,
आरपार दिसणारे, बिनडोक्याचे,
पण प्रत्येकाला पट्टा नीट बांधलेला.
मी बस थांबवली. नियमात बसत नाही.
लाल दिवे लावले, थांब्याचा फलक बाहेर काढला.
मागे दुधाचा टँकर येऊन थबकला.

कट कट कट कट.
वर पोचली. उगीच थोडी रेंगाळली.
मग सुटली, आणि बसमध्ये असा आवाज फुटला
की माझ्या छातीतल्या यंत्रालाही तो कळला असावा.
उतार, वळण, दुसरी टेकडी.
चढली. चढली.
मंदावली.
माथा हातभर राहिला, आणि ती मागे घसरली,
पुढे, मागे, पुढे, पाळण्यासारखी,
आणि खालच्या खोलगटात निपचित पडली.
हेल्मेटवाली माणसं धावली.
पुतळे पट्ट्यांत तसेच, शिस्तीत.

थॅडियसलाही काही सुचेना.
एमेटने काचेला नाक लावलं
आणि तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला,
"तिलाही दोन बोटं कमी पडली."

थंडी आहे अजून, मी म्हटलं,
चाकं आखडलेली असतात. ऊन लागू दे.

फलक आत घेतला. आरशात पाहिलं:
टँकरवाल्याने हॉर्न वाजवला नव्हता.
तो खाली उतरून, टोपी काढून, वर बघत उभा होता.

शाळेत सात मिनिटं उशीर.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: धुकं.