भोपळा

मिरजेहून मेहरून तो घेऊन आली
सिटी बसमध्ये, मांडीवर, लेकरू घ्यावं तसा.
कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं काढू का?

तंबोऱ्यासाठी आलेला भोपळा.
पोटाला चीर, केसाएवढी.
तिच्या सासऱ्यांनी टिचकी मारली, कान लावला
आणि काही न बोलता बाजूला ठेवला.
"सुराला नाही चालणार. पाण्याला चालेल,"
मेहरून म्हणाली.
चीर तिनंच बुजवली, लाखेनं.

बावन्न वर्षं कृष्णेच्या काठावर काढली
आणि मला पोहता येत नव्हतं.
पुरात होडीतून नेलं तेव्हा
डोळे मिटून बसले होते, हळदीचं पोतं बसावं तशी.
(पेढीवर हिशेब लिहिते मी, मार्केट यार्डात.
पोत्यांची उपमा आपोआप येते.)

आंबीमामा पहाटे साडेपाचला घाटावर.
शिकवतात म्हणजे काय,
पाठीला भोपळा बांधतात, दोर दोनदा ओढून बघतात
आणि म्हणतात, "आता काही करू नकोस."

काही करू नकोस.
हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं,
माहेरी नाही, सासरी नाही,
मार्चअखेरीला तर नाहीच.
मी काही केलं नाही.
नदीनं मला उचललं,
आणि कान पाण्याखाली गेले तसा
भोपळ्याच्या आतून एक आवाज आला, लांबचा,
सकाळी शेजारी कुणी कुकर लावावा तसा,
किंवा मेहरूनच्या दुकानात
कुणी तार छेडून, हात बाजूला घेतल्यावर उरतो तसा.

पद्मजानं पुण्याहून गॉगल पाठवला.
आधी म्हणाली होती, आई, या वयात?
त्यातून नदी निळी दिसते.
ती तशी नाही. मातकट आहे, चहासारखी.
पण लेकीनं पाठवली म्हणून
निळी तर निळी, बघते.

धनपाल पायरीवर बसतो.
म्हणे, मी मगर बघायला आलोय.
एका हातात बॅटरी, दुसऱ्यात कालच्या पेपरातलं शब्दकोडं,
आणि मान अशी खाली
की मगर आलीच तर
चौकोनांतूनच वर येईल.
तेहतीस वर्षांच्या संसारात हा माणूस
माझ्यासाठी इतक्या पहाटे उठला नव्हता.
मी त्याला हे बोलून दाखवलेलं नाही.
बोललं की लाजेल, आणि उद्या येणार नाही.

मेहरूनला मात्र बोलायला गेले होते.
सँडविच घेऊन, नवी साडी नेसून.
"अगं, तुझे आभार..." एवढंच झालं,
ती म्हणाली, "खुळी का काय!
आभार कार्यक्रमात मानतात, शेवटी,
खुर्च्या सरकायला लागल्या की.
आपला कुठं संपलाय?"
आणि सँडविच उघडून
अर्धं माझ्याच पुढं ठेवलं.

एका रविवारी ती घाटावर आली,
भडंगाची पुडी घेऊन.
मी पाण्याबाहेर आले,
तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.
भोपळा घेतला, निथळू दिला,
टिचकी मारून कान लावला,
सासऱ्यांसारखीच भुवई वर.
"वाजतोय की गं अजून."

मग चप्पल काढली, पाय पाण्यात सोडले.
बराच वेळ नुसती बोटं हलवत बसली.
मी दोर उचलला.
"नको, नको," म्हणाली, आणि पाठ वळवली,
मला बांधता यावं म्हणून.

वरून धनपालची हाक:
"आडवा शब्द! चार अक्षरी!
केलेलं न विसरणं!
पहिलं अक्षर कृ, उभ्यात कृष्णा आलीय!"
माझ्या दातांत दोराचं टोक,
मेहरूनच्या नाकातोंडात नदी.
कुणाला जमणार उत्तर?

"काही करू नकोस," मी तिला सांगितलं
आणि हात काढून घेतला, हळूच.

तीन चौकोन कोरेच राहिले.
धनपालनं पेपर घडी करून बुडाखाली घेतला,
बॅटरी लावली, उजाडलेलं असून,
आणि आता तो
दोघींसाठी मगर बघतोय.