जबानी

हेल्मी, तू दात काढून येईपर्यंत
मी खिडकीतच उभा होतो.
पाय गारठले. पाणी आटून किटली करपली.

आधी तक्रार ऐक, जुनीच आहे.
तुझ्या सूर्यफुलाच्या बियांनी कुंपणात उंदीर झालेत.
तू टांगतेस त्या बिनमिठाच्या चरबीपायी
माझं मांजर दिवसभर मान वर करून बसतं.
आणि ते रोवानचं झाड!
अख्खं वोरू गाव त्या फळांचा मुरंबा घालतं,
तू एक घोस तोडू देत नाहीस कुणाला.
"पाहुण्यांसाठी आहे, काल्यो," म्हणतेस.
सात हिवाळे झाले. कुठले पाहुणे?
रामगंगा येतात, पण त्या काय, घरच्याच,
चरबीला उलट्या लोंबकळतात, भांडतात, जातात.

तर आज, साडेदहाला,
तू तार्तूच्या बसमध्ये असशील, गालाला रुमाल लावून,
मला वाटलं, काच थरथरतेय.
गॅरेजमध्ये जन्म गेला माझा, सैल काच मला कळते.
काच नव्हती.
वर पाहिलं, तर झाडाला पानं फुटलेली.
जानेवारीत.

पानंही नव्हती.
शंभर असतील. मी मोजले नाहीत,
तू असतीस तर मोजले असतेस.
रंग दालचिनीचा. नाही, थांब, त्याहून फिका,
कोकोत दूध जास्त झालं की होतो तसा.
डोक्यावर तुरा, मागे वळवलेला,
विसाव्या वर्षी माझे केस होते तसा.
हसू नकोस, टाके तुटतील.
डोळ्यांवर काळी पट्टी, चोराची.
शेपटीचं टोक पिवळ्या रंगात बुडवून काढलेलं,
आणि पंखांवर, हेच सांगायचं होतं तुला,
लाखेचे थेंब.
लाल, जुन्या टपालावर असायचे तसे,
जणू एकेक पक्षी सीलबंद करून धाडलेला,
पत्ता तुझा,
आणि सही करून घ्यायला मी.

फळ चोचीत उडवायचं, गिळायचं, की दुसरं.
तहान लागली की छपरावरचा बर्फ.
खाली पडलेल्याकडे ढुंकून बघणं नाही.
चाळीस मिनिटं.
मग जेवणानंतर कुणी टेबलावरची चादर झटकावी
तसे सगळे एकदम उठले, उत्तरेला नाही, स्टेशनाकडे.

आता झाड बघ. नुसते देठ.
माझी गाडीही बघ.
एका वाटेनं आत गेलेलं दुसऱ्या वाटेनं बाहेर आलंय,
टपापासून काचेपर्यंत, लाल.
उद्या धुईन. किंवा रविवारी.

मांजर आत कोंडलंय सकाळपासून.
का, ते विचारू नकोस.
बोलूच नकोस, तोंड बधिर आहे तुझं.
नुसतं बोट दाखव, मी सांगतो.
ही फांदी? हिच्यावर नऊ.
ती? तिच्यावर एकच होता, एकटा, बराच वेळ.
आणि ही, वाकलेली?
तेरा.
हो. मोजले.